पालीचा यजमान

गेकोपालक हा ब्रिटनमध्ये हमखास भेटणारा, एरवी निरुपद्रवी असा गृहस्थ होय. जानेवारीत तो दोन स्वेटर चढवून घरात बसतो, कारण गॅसचे बिल परवडत नाही. पण दिवाणखान्यातल्या काचपेटीचे तापमान अर्ध्या अंशाने उतरले, की त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. खरी पाल त्या वेळी पेटीत गाढ झोपलेली असते.

ती पाल म्हणजे लेपर्ड गेको. पिवळसर अंगावर काळे ठिपके, मिटणाऱ्या पापण्या आणि चरबी साठवून जाड झालेले शेपूट. मूळची ती अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागातली. तिची एक चुलतबहीण सातपुड्यात राहते. २०१४ साली तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. तिला ऊब द्यायला मात्र कोणी जात नाही.

नवखा गेकोपालक दुकानातून विजेवर तापणारा दगड आणि रंगीत वाळूची पिशवी घेऊन येतो. दोन्ही वस्तू लवकरच माळ्यावर जातात. दगड मध्येच कुठेतरी भलताच तापतो आणि वर पसरलेल्या पालीचे पोट भाजते. वाळू किड्याबरोबर गिळली जाते आणि आतड्यात अडकू शकते. पिल्लांना हा धोका जास्त.

इथून पुढे तो शास्त्रात शिरतो. पालीला स्वतःच्या शरीरात ऊब तयार करता येत नाही. खाल्लेले पचवायचे तर बाहेरून उष्णता मिळायला हवी, आणि नकोशी झाली की थंड कोपऱ्यात सरकता यायला हवे. म्हणून पेटीच्या साधारण एक तृतीयांश तळाखाली विजेवर तापणारी चटई, म्हणजे हीट मॅट बसते. उबदार टोकाची जमीन ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड टोक २४ ते २६. थर्मोस्टॅट सक्तीचा, आणि त्याचा सेन्सर पाल जिथे बसते तिथेच हवा. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावणाऱ्याशी गेकोपालक बोलणे सोडतो. याच सुमारास दुरून तापमान मोजणारी थर्मल गन घरात येते. ती आधी पेटीवर, मग चहाच्या कपावर आणि शेवटी पाहुण्यांच्या कपाळावर रोखली जाते. मुरलेला गेकोपालक मॅटवरही समाधानी नसतो. मॅटने फक्त पोट शेकते, उन्हासारखी खोलवर ऊब वरून हॅलोजन दिव्यानेच मिळते, हे तो न विचारता सांगतो. यात तथ्य आहे, पण ते लग्नाच्या पंगतीत सांगण्याची गरज नसते.

पेटीतल्या जमिनीच्या प्रश्नावर गेकोपालकांच्या जमातीत दोन तट आहेत. एक फरशीवाल्यांचा, दुसरा मातीवाल्यांचा. फरशीवाला टाइल्सच्या दुकानात जाऊन तासभर थोडी खडबडीत स्लेट शोधतो. विक्रेता विचारतो, कुठल्या खोलीसाठी? उत्तर ऐकून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. फरशी ऊब धरते, नखे झिजवते, पुसायला सोपी असते आणि गिळता येत नाही. मातीवाला सत्तर टक्के माती आणि तीस टक्के वाळू कालवून पालीला उकरायला देतो आणि फरशीवाल्याला निसर्गद्रोही समजतो. निरोगी, मोठ्या पालीला दोन्ही चालते. पिल्लाला, आजारी किंवा नव्याने आणलेल्या पालीला स्वयंपाकघरातला टिश्यू पेपर सर्वांत बरा. स्वस्त पडतो, आणि विष्ठा लगेच दिसते. गेकोपालक ती रोज निरखतो आणि जेवणाच्या टेबलावर तिचे वर्णन करतो. फक्त गालिचा दोन्ही तटांना अमान्य आहे, कारण त्याच्या धाग्यांत नखे अडकतात.

एक ओलसर बीळ मात्र दोघेही ठेवतात. डब्याला भोक पाडायचे आणि आत ओले शेवाळ भरायचे. कात टाकताना ओल मिळाली नाही, तर जुनी कातडी बोटांना चिकटून राहते आणि बोट गळूनही पडते.

नीट सांभाळली तर ही पाल पंधरा-वीस वर्षे जगते. तेव्हा कोणाला हा नाद लागणारच असेल, तर त्याने आधी पेटी, फरशी आणि थर्मोस्टॅट लावून दोन-चार दिवस तापमान स्थिर राहते का ते पाहावे, आणि पाल त्यानंतर आणावी.