हप्तेराव, पावसात आमचं दार बंद असतं

प्रति,
श्रीमान हप्तेराव,
मुक्काम : दर महिन्याची पाच तारीख.

विषय : जून ते सप्टेंबर या काळातील आपल्या आगमनाबाबत.

श्रीमान हप्तेराव यांस तारकर्लीच्या एका न्याहारी-निवासवाल्याचा कोपरापासून नमस्कार.

पत्रास कारण की, पाहुण्यांची वाट बघण्यात आमचा जन्म गेला, पण आपल्याइतका वक्तशीर पाहुणा दुसरा भेटला नाही. पुण्याची मंडळी खोली ठरवतात आणि हवामान खात्याचा पिवळा इशारा दिसला की आगाऊ रक्कम परत मागतात. मुंबईची मंडळी आठजण येणार म्हणून कळवतात, येतात चौघे आणि सुरमई मात्र आठांची संपवतात. आपलं तसलं काही नाही. आपण खोली मागत नाही, सोलकढी पुन्हा वाढा म्हणत नाही. पाच तारखेला पहाटे उशीखाली मोबाईल थरथरतो, चष्मा शोधून संदेश वाचेपर्यंत आपण येऊन, न्यायचं ते घेऊन गेलेलेही असता. पूर्वी रविवार आणि बँकेची सुट्टी तरी पाळत होता. 1 ऑगस्ट 2021 पासून खात्यातून परस्पर रक्कम उचलणारी ती 'नॅच' यंत्रणा आठवड्याचे सातही दिवस चालू झाली आणि आपण तीही रजा सोडलीत. घरातल्या पोरांत एवढी चिकाटी असती तर आपली गाठ पडायची वेळ आली नसती.

आपली स्वारी या किनाऱ्यावर कशी आली तेही एकदा लिहून ठेवतो. 1997 साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मग स्कूबा आलं, पाण्याखालचे मासे बघायला लोक पैसे देऊ लागले. आम्ही तोवर पाण्याबाहेरच्या माशांचेच पैसे घ्यायचो. 9 ऑक्टोबर 2021 रोजी जिल्ह्यातल्या चिपी विमानतळावर विमान उतरलं. 4 डिसेंबर 2023 चा नौदल दिन तर थेट तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. अशी बातमी आली की गावात कोणी ना कोणी एक खोली वाढवतो, कोणी होडीला नवं इंजिन बसवतो, कोणी खोलीला एसी लावतो. खाऱ्या वाऱ्याने त्या एसीचं बाहेरचं यंत्र काही वर्षांतच पापुद्रे सुटून कुजतं. त्याचा हप्ता मात्र टवटवीत राहतो. गावाच्या प्रगतीची प्रत्येक बातमी शेवटी आपल्याच रूपाने घरात राहायला येते.

आता खोली बांधायची तर कर्ज, कर्जाला तारण आणि तारणाला सातबारा. आमच्या सातबाऱ्यावर पणजोबांच्या पुढची सगळी नावं सामायिक. त्यातले काही लालबागला, काही डोंबिवलीला, आणि एकजण कुठे आहे ते त्याचं त्यालाच ठाऊक. सगळ्यांच्या सह्या जमवायच्या म्हटलं तर गणपतीत आरतीला एकत्र येतात तेवढीच संधी, आणि तेव्हा जमिनीचा विषय काढला तर आरती बाजूला राहते. त्यात किनाऱ्यावरच्या बांधकामाचे सीआरझेड नियम : भरतीरेषा कुठे, घर कुठे, परवानगी कुठे. म्हणजे जमीन आहे पण तारण नाही, घर आहे पण गृहकर्ज नाही. मग बँकेतला इस्त्रीच्या शर्टातला मुलगा म्हणतो, "काका, पर्सनल लोन घ्या ना, कागदच लागत नाहीत." कागद वाचतात ते खरं. त्यांची किंमत व्याजात लागते.

आपला हिशेबही मोठा सभ्य दिसतो. पाच लाख रुपये, 14 टक्के, पाच वर्षं : महिना 11,634 रुपये. पहिल्या भेटीत आपण नेता त्यातले 5,833 रुपये व्याजात जातात आणि मुद्दलाला लागतात 5,801. पाच वर्षांत सुमारे 6 लाख 98 हजार भरून आपण मोकळे होतो, म्हणजे आपण नव्हे, आम्ही. आपले काही बंधू तर याहून गोड बोलतात. "फक्त 10 टक्के, फ्लॅट!" म्हणतात. दहा टक्के ऐकून माणूस खूश होतो. पण मुद्दल फिटत आलं तरी व्याज सुरुवातीच्या पूर्ण पाच लाखांवरच लावलेलं असतं. हप्ता येतो 12,500, आणि घटत्या शिलकेवर मांडलं तर तो दर सव्वासतरा टक्क्यांच्या घरात जातो. दहा टक्क्यांत सव्वासतरा बसवणं आम्हाला जमत नाही. आमच्या खोलीत तीन माणसांच्या जागी चौथा झोपवायचा तर निदान जादा गादीचे पैसे आधी सांगावे लागतात.

असो, मूळ तक्रार व्याजाची नाही, पंचांगाची आहे. हप्तेराव, आपल्या पंचांगात बारा महिने सारखे असतात. आमच्याकडे मे सरत आला की जलक्रीडा बंद होतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी. होड्या वर ओढायच्या, पडवीला झडी बांधायच्या, गाद्या उन्हात घालून माळ्यावर टाकायच्या, आणि बसायचं पावसाकडे बघत. भाद्रपदात घर भरतं हे खरं, पण ते आमचेच चाकरमानी. त्यांच्यापुढे मोदक ठेवायचे असतात, बिल नाही. धंद्याला रंग चढतो तो पुढे दसरा-दिवाळीला. शेजारचा होडीवाला दर वर्षी म्हणतो, "समुद्र बंद झालो, होडी वर काढली, हप्तो काय बंद होणा नाय."

म्हणजे बारा महिन्यांचे हप्ते आठ महिन्यांच्या कमाईतून जायचे. वरच्या हिशेबात वर्षाचे होतात 1,39,608 रुपये. ते आठांत वाटले तर हंगामात महिन्याला 17,451 येतात. कागदावर आपण 11,634 चे, आमच्या पडवीत साडेसतरा हजारांचे. आणि हे न जमलं तर? हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की बँक खात्यावर 'अनुत्पादक कर्ज' (एनपीए) असा शिक्का मारते. आमचा पावसाळा 122 दिवसांचा आहे. हे गणित ज्याने बसवलं त्याने तारकर्ली पाहिली असेल तर फक्त मे महिन्यात, ऊन आणि कोळंबीसकट.

गंमत म्हणजे हंगाम ही गोष्ट बँकांना कळत नाही असं मुळीच नाही. भाताच्या पीककर्जाची फेड पीक हाती आल्यावर ठरते, आणि ते थकलं की नाही हेही पिकाच्या हंगामावरून मोजतात. 2018-19 मध्ये किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांनाही झाली. भाताला हंगाम आहे, बांगड्याला हंगाम आहे. पर्यटक तेवढा बारमाही उगवतो असा समज कोणी करून दिला?

आपल्या आधीचे सावकार फार प्रेमळ होते असं म्हणून आपल्याला खाली पाडणार नाही. 1875 साली पुण्याजवळच्या सुप्यात लोकांनी सावकारांच्या घरांत शिरून कर्जरोखे जाळले ते काही गैरसमजातून नव्हे. चार वर्षांनी सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदाच करावा लागला. तरी त्या जमान्यात दामदुपटीचा नियम होता : एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नसे. आपलं दप्तर कुठे आहे हेच कळत नाही, त्यामुळे जाळपोळीच्या बाबतीतही आपण निर्धास्त.

याच किनाऱ्यावर रापणीचा रिवाज आहे, तोही एकदा पाहून जा. जाळं सगळ्यांनी मिळून ओढायचं आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करायचे. बारा आणे आलं तर बारा आण्यांचे वाटे, जाळं रिकामं आलं तर सगळ्यांचेच हात रिकामे. जाळ्याच्या मालकालाही त्या दिवशी समुद्राविरुद्ध नोटीस काढता येत नाही. आपण मात्र जाळ्यात काय आलं हे न विचारता वाटा मागता.

एकदाच आपण रजेवर गेला होता, 2020 साली. टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने 1 मार्चपासून हप्ते लांबवायची मुभा दिली, ती वाढत वाढत 31 ऑगस्टपर्यंत गेली. गावात केवढा आनंद! मागाहून कळलं की रजेवर फक्त आपण होता, आपलं व्याज कामावर होतं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. माड पडले, पत्रे उडाले, वीज गेली. आपण मात्र आलात.

आपल्या आप्तांविषयीही दोन शब्द. आपली तारीख जवळ आली आणि खात्यात खडखडाट असला की ते धावून येतात. पहिलं मोबाईलमधलं बिनपरवाना ॲप. दोन मिनिटांत पैसे देतं, पण आधी आमच्या फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांची यादी बघायची परवानगी मागतं. सोयरीक जुळवणारेही एवढी चौकशी करत नाहीत. दुसरं क्रेडिट कार्ड. बिलावर मोठी रक्कम बारीक अक्षरात आणि 'किमान देय' ठळक. किमान तेवढं भरलं की माणूस निश्चिंत, आणि राहिलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42 टक्के चढत राहतात. तिसरं सोनेतारण. हे त्यातल्या त्यात घरंदाज. बायकोच्या पाटल्या जूनमध्ये बँकेत जातात आणि दिवाळीला परत येतात. आमच्या घरात बँकेचं पंचांग ज्यांनी नीट पाळलं अशा त्या दोनच.

तर हप्तेराव, आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकासाठी दारामागे नियमावली टांगलेली असते. आपल्यासाठी वेगळी केली आहे, ती अशी :

1. आपला पावसाळ्याचा मुक्काम हंगामातच राखून ठेवला जाईल. ऑक्टोबरपासून दर महिन्याला हप्त्याच्या निम्मी रक्कम वेगळ्या खात्यात पडेल. आठ निम्मे म्हणजे चार पुरे, एवढं गणित आम्हालाही येतं. त्या खात्याला कार्ड नाही आणि ते फोनवर दिसणारही नाही.

2. एका हप्त्याला घालवण्यासाठी दुसऱ्या हप्त्याला घरात घेतलं जाणार नाही. दोघे मिळून राहतात असा गावाचा अनुभव आहे.

3. आपल्या घराण्यातलं नवं कोणी यायचं असेल तर आधी ओळखपत्र दाखवावं. 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्ज देताना मुख्य तथ्यांचं पत्रक देणं सक्तीचं आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाची खरी टक्केवारी लिहिलेली असते. आम्ही तो एकच आकडा वाचू. बाकी सगळं मेनूकार्डावरच्या फोटोसारखं.

4. मे महिन्यात हात सैल असला तर नवी खोली चढणार नाही. सर्वांत महाग कर्ज आधी फिटेल. मुदतीआधी फेडण्याचा दंड किती, हे सहीच्या आधी विचारलं जाईल, नंतर नाही.

5. आपल्या वतीने कोणी वसुलीला येणार असेल तर त्याने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये. हा नियम रिझर्व्ह बँकेचा आहे, आम्ही फक्त दारामागे टांगला.

6. आमच्या वागणुकीचं जे प्रगतिपुस्तक, म्हणजे क्रेडिट रिपोर्ट, ठेवलं जातं, ते वर्षातून एकदा फुकट मागवलं जाईल. फेडलेलं कर्ज त्यात अजून चालू दिसलं तर लेखी तक्रार होईल, आणि 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाईही मागितली जाईल. पाच तारीख चुकली की आपण दंड लावता. आम्हालाही दिवस मोजता येतात.

या नियमांनी आम्ही सुधारू. पण पंचांग सुधारायचं काम आपल्या बाजूचं. हंगामी धंद्याला हंगामी हप्ता द्या : ऑक्टोबर ते मे जास्त घ्या, जून ते सप्टेंबर फक्त व्याज घ्या. यात दया नको, माफी तर नकोच. पैसे पूर्ण मिळतील, व्याजासकट मिळतील, फक्त समुद्र उघडल्यावर मिळतील. भाताच्या कर्जाला जे जमतं ते खोलीच्या कर्जाला जमू नये असा काही निसर्गनियम नाही. आणि कर्ज बुडण्यापेक्षा ते उशिरा फिटलेलं बँकेच्याही फायद्याचं, हे सांगायला माझ्यासारखा न्याहारीवाला लागावा, ही आपल्या घराण्याची शोभा नव्हे.

कळावे.

आपला नियमित,
एक न्याहारी-निवासवाला,
तारकर्ली, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग.

प्रत रवाना :
(1) मा. शाखाधिकारी, योग्य त्या कार्यवाहीसाठी. पावसाळ्यात एकदा जेवायला येण्याचं निमंत्रण सोबत जोडलं आहे. खोल्या सगळ्या रिकाम्या आहेत, हवी ती मिळेल.
(2) घरच्या मंडळींस, माहितीसाठी. पाटल्यांच्या डब्याची किल्ली त्यांनी पत्र वाचायच्या आधीच दुसरीकडे हलवली आहे.