पाना कुठून घालणार?

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज... एमआयडीसी कुठलीही घ्या. मागणीप्रमाणे खास मशिनं बनवणारी एखादी मध्यम कंपनी असली की तिच्या डिझाइन विभागात हे साहेब असतातच. वय पन्नाशीच्या पुढे, बुशशर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, ड्रॉवरमध्ये कुणालाही हात लावू न दिलेला व्हर्नियर. हुद्दा विचारू नका. तो मालकाच्या मुलाने कुठलंसं मॅनेजमेंटचं पुस्तक वाचलं की बदलतो.

नवा मुलगा मोठ्या मॉनिटरवर मशीनचं मॉडेल गरगर फिरवून दाखवत असतो. निळा बेड, पिवळे गार्ड, काचेतून आरपार दिसणारा गिअरबॉक्स. अर्धा विभाग मागे जमलेला. साहेब मान तिरकी करून बघतात आणि एका बोल्टवर बोट ठेवतात.

"हा आवळायला पाना कुठून घालणार?"

मुलगा म्हणतो, "सर, ॲलन बोल्ट आहे. एम-१०."

"म्हणजे ८ ची चावी. ती घाल. आता फिरव. फिरते?"

फिरत नाही. बोल्टच्या डोक्याशेजारी मोटरची प्लेट आलेली असते. मुलगा हुशार असतो. आधी बोल्ट आवळायचा आणि मग प्लेट लावायची, असा तोडगा तो काढतो. "आणि बेल्ट तुटला की?" साहेब विचारतात. "तिसऱ्या पाळीत, रात्री अडीचला, फिटरने आधी मोटर उतरवायची? तो कोणाच्या आईची आठवण काढेल, माझ्या की तुझ्या?" चांगल्या डिझाइनची साहेबांची व्याख्या एवढीच आहे. ज्याच्यापायी फिटर कोणाच्याही मातोश्रींपर्यंत जात नाही, ते डिझाइन चांगलं.

साहेबांच्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाची सुरुवात असेंब्लीत होते. पहिले काही आठवडे कॉम्प्युटर नाही. फिटरशेजारी उभं राहायचं, कानस चालवायची, बर काढायची, टॅप मारायचा. एम-८ चा टॅप मारायला सांगितला की पदवीधर आधी ८ चा ड्रिल मारतो. मग टॅप भोकातून सरळ पलीकडे जातो आणि ठण्णकन खाली पडतो. फिटर काही बोलत नाही, नुसता ६.८ चा ड्रिल पुढे करतो. तो आकडा त्यानंतर कुणी विसरलेला ऐकिवात नाही.

मग येतं टॉलरन्स. कॉलेजातून बाहेर पडलेल्या माणसाला एच-७ फार आवडतं. पंचवीसच्या बेअरिंग-बुशच्या भोकाला ते ठीकच आहे. शून्य ते अधिक २१ मायक्रॉन, केसाच्या जाडीहूनही कमी. पण हा ते धूळ अडवणाऱ्या झाकणाच्या बोल्टहोललाही देतो. तिथे ९ चा ड्रिल मारून एम-८ चा बोल्ट लटकवला की काम संपतं. "झाकण आहे हे. याला घेऊन चंद्रावर जायचंय का?" असं विचारून साहेब लाल पेन काढतात. टॉलरन्स आवळायला कीबोर्डवर एक आकडा पुरतो. तो पाळायला वेंडरला ड्रिल सोडून रीमर काढावा लागतो किंवा जॉब बोअरिंगला न्यावा लागतो. एवढं करून मोजमाप व्हायचं २० अंशाला, असा जगभरचा संकेत, आणि आपली शेड मे महिन्यात चाळिशीत. मीटरभर ॲल्युमिनियम तेवढ्या फरकाने जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढतं. साहेब हे गणित पाठ म्हणतात, आणि मोठ्यांदा. वेंडर मात्र असं ड्रॉइंग पाहून कधीच तक्रार करत नाही. तो प्रसन्न हसतो आणि कोटेशन पाठवतो.

शाफ्टचंही तसंच. मुलगा रात्र जागून हिशोब करतो, उत्तर २२.६ येतं आणि तो अभिमानाने २३ चा शाफ्ट काढतो. साहेब म्हणतात, "तेवीसचं बेअरिंग तुझ्या मामाच्या दुकानात मिळतं का?" आधी कॅटलॉग उघडायचा, मग शाफ्ट. ६२०५ घे. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, पाचा पाचा पंचवीस. पाढे शाळेत कशाला शिकवतात ते त्या मुलाला अशा वेळी कळतं.

दोन प्लेटांमधल्या दोन डॉवेल पिना साहेब कधीही सारख्या अंतरावर ठेवू देत नाहीत. एक जराशी सरकवायचीच, म्हणजे प्लेट उलटी बसणार नाही. या युक्तीला जपान्यांनी पोका-योके असं नाव दिलं आणि त्यावर पुस्तकं लिहिली. साहेब तिला रात्रपाळी-प्रूफ म्हणतात.

त्यांचं दैवत लक्ष्मणराव किर्लोस्कर. चित्रकार व्हायला मुंबईत जे. जे. मध्ये गेलेला हा माणूस रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळला, व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागला, आणि १९१० साली किर्लोस्करवाडीच्या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना घेऊन गेला. या चरित्रातून साहेबांनी काढलेलं तात्पर्य मात्र खास त्यांचं आहे: "रंग दिसत नव्हते, तरी नांगर चालला. तुझ्या मॉडेलला एवढे रंग कशाला?"

आता साहेब अगदीच देवमाणूस नाहीत, हेही सांगायला हवं. त्यांच्या मशीनचं वजन पाहून सेल्सवाल्याच्या डोळ्यांत पाणी येतं. प्लेटची जाडी दुप्पट केली की ती वाकायला आठपट जड जाते, हे सूत्र त्यांना इतकं प्रिय आहे की शंका आली की ते जाडी दुप्पट करतात, आणि शंका त्यांना सारखी येते. फायनाइट एलिमेंटच्या रंगीत चित्रांवर त्यांचा विश्वास नाही. "लाल कुठे येणार ते मी न बघता सांगतो," म्हणतात, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. पण एखादी मुलगी असते, जी ॲनालिसिस करून फ्रेममधलं चाळीस किलो लोखंड काढून दाखवते. साहेब तिचे कागद घरी नेतात, दोन दिवस हाताने गणित करतात, तिसऱ्या दिवशी सही करतात आणि म्हणतात, "डबा खाल्लास का?" एवढं बोलले की समजावं, मुलगी डिझाइनर झाली.

बाहेरही त्यांची नजर तीच. गणपतीत अख्खं पुणं हलते देखावे पुढून बघतं, साहेब मांडवाच्या मागे जातात. भीमाची गदा वरखाली करणारी मोटर कुठली, क्रँक केवढा, हे पाहून येतात आणि कार्यकर्त्याला ग्रीस लावायला सांगतात. घरी बायकोने मिक्सरला हात लावायला बंदी केली आहे. खंडेनवमीला व्हर्नियरची पूजा मात्र तीच करते.

पगारवाढीच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो: पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? साहेबांनी दरवर्षी लिहिलं, 'असेंब्लीत'. आपल्याकडे ज्याला ड्रॉइंग उत्तम येतं त्याला वर चढवून एक्सेलच्या तक्त्यापुढे बसवतात, आणि याला प्रगती म्हणतात. साहेबांनी ती टाळली म्हणून त्यांच्या हाताखालची पोरं त्यांच्या दुप्पट पगारावर डेट्रॉइटला गेली. तिथून ती अजून फोन करतात. निघताना त्यांना एकच उपदेश झालेला असतो: "तिकडे थर्ड अँगल चालतो. आधी कोपऱ्यातलं चिन्ह बघ, नाहीतर डाव्याचं उजवं करून ठेवशील."

त्यांच्या ड्रॉवरमध्ये व्हर्नियरखाली एक वही आहे. विभागात आजवर झालेली प्रत्येक चूक तीत आहे. ड्रॉइंग नंबर, काय चुकलं, स्क्रॅप किती रुपयांचं गेलं, पुढच्या वेळी काय बघायचं. चूक कोणाची ते नाव कुठेच नाही. कॉलेजातल्या कुठल्याही डेटाबुकात हे सापडणार नाही.

तुमच्या कंपनीत असे साहेब असतील तर निरोपाला शाल-श्रीफळ द्याच, पण त्याआधी ती वही मागून घ्या. पेनड्राइव्ह नेऊ नका. ती शिसपेन्सिलने लिहिलेली आहे.