स्पीकरच्या वायरीला टू-पिन टॉप लावणाऱ्या मिस्त्रींना

निर्णा, जि. बीदर



या पत्रात तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. नाव घातलं असतं तर हे दोन घरांचं भांडण झालं असतं. तुम्ही जे केलंत ते बीदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात कितीतरी दुकानांत रोज होतं, म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितो आहे. पण वाचताना तुम्हाला ओळख पटेल. पटावी, अशीच माझी इच्छा आहे.

अप्पा आमच्या घरातले वडीलधारे. त्यांची ती स्पीकरची जोडी १९८४ सालची. हैदराबादच्या कोठी भागातून त्यांनी ती आणली होती. त्या काळी परदेशी माल पगारदार माणसाच्या आवाक्यात नव्हता. सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्स अशा नावांसाठी लोक पैसे साठवायचे. एसटीत एक पेटी मांडीवर आणि दुसरी पायाशी धरून ते गावी आले. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर आणि गदगचे भीमसेन जोशी, या दोघांच्या तबकड्या आमच्या ओसरीवर सर्वांत जास्त वाजल्या. भीमसेन अभंग म्हणू लागले की कन्नड बोलणारे शेजारी आणि मराठी बोलणारे आम्ही एकाच सतरंजीवर बसायचो. आवाज दोन्ही पेट्यांच्या बरोबर मधोमध, भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीपाशी उभा राहायचा. तिथे पेटी नव्हती, काहीच नव्हतं, तरी गाणारा माणूस तिथेच आहे असं वाटायचं. लहानपणी मी तसबिरीमागे हात घालून पाहिला होता.

अप्पांच्या वर्षश्राद्धाला त्याच पेट्यांवर त्याच तबकड्या लावायच्या, म्हणून माझ्या चुलतभावाने त्या तुमच्याकडे दिल्या. तक्रार एवढीच होती की एका पेटीतून आवाज फाटका येतो. चार दिवसांनी तुम्ही त्या परत दिल्यात आणि म्हणालात, "एकदम नवं करून दिलंय." त्या वाक्याचा हिशेब मला मांडायचा आहे.

मी मागची पाटी काढून आत पाहिलं. वूफरच्या कोनाचा काठ फाटला होता, तिथे तुम्ही सायकलच्या ट्यूबची पट्टी पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवली होती. मिस्त्री, कोन पुढेमागे हलतो तो त्या काठाच्या जोरावर. काठ मऊ, हलका आणि सगळीकडून सारखा हवा. एका बाजूला जाड रबर बसलं की कोन वाकडा हलतो, आतली कॉइल लोहचुंबकाच्या फटीत घासते आणि आवाज आणखी फाटतो. फटीला तांदळाच्या दाण्याएवढीही जागा नसते. ज्या दुखण्यासाठी पेटी तुमच्याकडे आली होती, तेच दुखणं तुम्ही कायमचं करून पाठवलंत.

ट्वीटरचं त्याहून वाईट. त्याच्या वाटेवर ४.७ मायक्रोफॅरडचा एक छोटा कंडेन्सर होता. तो सुकला असेल. चाळीस वर्षांत सुकतो, त्यात कोणाचा दोष नाही. बिनध्रुवाचा नवा कंडेन्सर किरकोळ किमतीत मिळतो. तुम्ही जुना काढलात आणि त्या जागी वायरीचा तुकडा जोडून दिलात. ८ ओहमच्या ट्वीटरबरोबर तो कंडेन्सर साधारण ४,२०० हर्ट्झच्या खालचा आवाज अडवतो. तबल्याचा डग्गा, तानपुऱ्याचा खर्ज, हे सगळं त्या नाजूक कॉइलपर्यंत पोचूच नये म्हणून तो तिथे असतो. तो काढणं म्हणजे विहिरीचा कठडा काढणं. तुम्हाला तो कशासाठी आहे हे माहीत नसेल, तर विचारायचं होतं. "हे मला जमणार नाही" असं सांगितलं असतंत तर अप्पांच्या घरात तुमचा मान वाढला असता.

दोन पेट्यांपैकी एकीच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या, तेही सांगून टाकतो. एकीचा कोन पुढे येतो तेव्हा दुसरीचा मागे जातो, खर्ज नाहीसा होतो आणि मधोमध उभा असलेला गायक निघून जातो. दीड व्होल्टचा घड्याळातला सेल क्षणभर टेकवून कोन कुठे सरकतो ते पाहिलं की कळतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

इथपर्यंतचं सगळं मी पोटात घातलं असतं. पत्र लिहायला बसलो ते वायरीच्या टोकाला तुम्ही लावलेल्या टू-पिन टॉपमुळे.

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागचे स्क्रू गंजले होते, म्हणून तुम्ही तिथून एक लहान सॉकेट बाहेर काढलंत आणि स्पीकरच्या वायरींना टू-पिन टॉप लावलेत. टेबलफॅनला असतो तसाच, पांढरा, पाच अँपिअरचा. काढायला-घालायला सोपं, असं तुम्ही भावाला समजावलंत. मंडपवाल्यांच्या पेट्यांनाही असेच टॉप असतात हे मला ठाऊक आहे; लहानपणापासून पाहतो आहे.

श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी माझा आठ वर्षांचा पुतण्या पेट्या लावायला धावला. त्याला आजोबांचं गाणं लावायचं होतं. हातात टॉप आला, समोर टीव्हीखाली बोर्ड दिसला, त्याने टॉप बोर्डात घातला आणि बटण दाबलं. मिस्त्री, त्यात त्याचं काय चुकलं? टॉप बोर्डात घालायचा असतो, हेच तर आपण पोरांना शिकवतो.

आता आकडे बघा. पेटीच्या पाटीवर ८ ओहम आणि ४० वॉट लिहिलं आहे. ४० वॉटसाठी ८ ओहमवर १८ व्होल्ट पुरतात. भिंतीत २३० व्होल्ट असतात. ढोबळ हिशेबाने २८-२९ अँपिअर आणि साडेसहा हजार वॉटच्या वर. पेटीतून जो आवाज निघाला तो मी जन्मात विसरणार नाही. कोन बाहेर फेकला गेला, कॉइल जळली, कंडेन्सर नसल्यामुळे ट्वीटरही सोबत गेला, आणि ओसरीभर जळक्या वार्निशचा वास पसरला. आमच्या किटकॅटमध्ये कोणीतरी फ्यूजच्या तारेऐवजी जाड तार भरून ठेवली होती, म्हणून फ्यूजही उडाला नाही. तो आमच्या घराचा गुन्हा, आणि मी तो दुसऱ्या दिवशी निस्तरला. वहिनीने धावत जाऊन बटण बंद केलं.

पण मला रात्रभर झोप लागली नाही ती पेटी जळाली म्हणून नव्हे. त्या पेटीच्या मागे दोन उघडे पितळी स्क्रू आहेत. टॉप बोर्डात गेला त्या क्षणी त्या स्क्रूंवर घरचा करंट उतरला. पोर पेटीच्या पुढे उभं होतं. मागे उभं असतं, एक हात पेटीवर टेकवून, तर दुसऱ्या दिवशी आमच्या घरी कोणाचं श्राद्ध झालं असतं?

जगाने हा धोका केव्हाच ओळखला आहे. युरोपात अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या भोकांत प्लास्टिकची बुचं बसवून देतात, म्हणजे स्पीकरच्या वायरीला ४ मिलिमीटरची पिन कोणी लावूच नये, कारण ती पिन तिथल्या भिंतीच्या सॉकेटातही जाऊ शकते. जत्रेत डीजेच्या मोठ्या पेट्यांना फिरवून अडकवायचं जे गोल तोंड असतं, त्याला स्पीकॉन म्हणतात. ते घरच्या करंटच्या कुठल्याच सॉकेटात बसत नाही, मुद्दाम तसंच घडवलेलं आहे. स्पीकरचं टोक भिंतीत जाऊच शकणार नाही असं असावं, एवढा साधा नियम. गंजलेले स्क्रू घासून साफ करायचे, नाहीतर नवे बसवायचे. तेवढाच खर्च होता.

पेट्या मी कलबुर्गीला एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेल्या. त्यांनी ट्यूबची पट्टी सोलून काढली, सोल्यूशन कणाकणाने खरवडलं, कापडी काठ लावला. जळालेली कॉइल काढून नवी बसवताना फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या उभ्या घातल्या, म्हणजे कॉइल बरोबर मध्ये राहते; डिंक वाळल्यावर पट्ट्या ओढून घेतल्या. दोन्ही पेट्यांत सारखेच नवे कंडेन्सर घातले. लाकडाला आणि जाळीच्या कापडाला हात लावला नाही. जुन्या वस्तूत नेमकं काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं, हे त्यांना न सांगता कळत होतं. माझ्या मते सगळी कारागिरी तिथेच असते.

अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी थेट भिंतीत लावला नाही. १०० वॉटचा बल्ब मध्ये घालून सिरीज बोर्डवर लावला. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला. तसाच भगभगीत राहिला असता तर आत शॉर्ट आहे असं समजायचं. मग स्पीकर न जोडता बाहेरच्या टोकांवर मल्टिमीटर धरला आणि डीसी किती येतो ते पाहिलं. काही मिलिव्होल्ट असतील तर हरकत नाही. व्होल्टमध्ये आले तर ट्रान्झिस्टर गेलेला असतो आणि नवी कॉइलही जळते. शेवटी दोन्ही पेट्या मोजल्या: साडेसहा ओहमच्या आसपास, दोन्ही सारख्या. मगच वायरी जोडल्या, तांबड्याला तांबडी, काळ्याला काळी, आणि तारेचा एकही केस बाहेर राहू दिला नाही, कारण तो शेजारच्या स्क्रूला लागला तर अ‍ॅम्प्लिफायर जातो.

सिरीज बोर्ड तुमच्याही दुकानात भिंतीला टांगलेला आहे, मिस्त्री. मी डोळ्यांनी पाहिला आहे. मोटारी आणि मिक्सर तुम्ही त्यावरच तपासता. अप्पांच्या पेट्यांसाठी तो खाली उतरवावासा तुम्हाला वाटला नाही, हा माझा तुमच्यावरचा आरोप आहे. तुमच्या हातात कसब आहे. आमच्या विहिरीची मोटार तुम्हीच दहा वर्षं चालू ठेवलीत. जुनं गाणं ऐकायची वस्तू तुम्ही मोटारीएवढी मोलाची धरली नाहीत.

दिलेले पैसे मला परत नकोत. एक काम मात्र करा. तुम्ही स्वतःच्या हाताने ज्या ज्या घरी, ज्या भजनी मंडळाच्या, ज्या मंडपवाल्याच्या स्पीकरला टू-पिन टॉप लावलेत, त्यांची आठवण करा आणि येत्या जत्रेआधी पक्कड घेऊन तिथे जा. प्रत्येक टॉप कापा, टोकं उघडी ठेवू नका, स्क्रूला नीट जोडून द्या. कोणी मजुरी द्यायला नाही म्हटलं तर माझ्याकडे या, मी देतो. आमच्या घरचे दोन टॉप मी कापले आहेत. बाकीचे तुम्ही कापा.