गाडी थोडा वेळ थांबेल: क्रूझवरून विलेमस्टाड पाहण्याचं शास्त्र

बंदरात उतरण्याची विद्या मूळची एसटीची आहे. कंडक्टर घंटीची दोरी ओढून म्हणतो, "गाडी दहा मिनिटं थांबेल," आणि अर्धी गाडी खाली सांडते. क्रूझच्या बोटीवर हेच वाक्य लाउडस्पीकरवरून, गोड आवाजात चार वेळा सांगतात. दहा मिनिटांचे आठ तास होतात आणि स्वच्छतागृह बरं असतं, एवढाच काय तो फरक. प्रस्तुत लेखिकेने या शास्त्राचा अभ्यास अडतीस वर्षं केला आहे. तोही खिडकीजवळच्या सीटवर बसून, मांडीवर दोन पिशव्या आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर रुमाल ठेवून. कारण आमचे हे उतरतात.

कर्जतला मागे बँकर इंजिन लागेपर्यंत गाडी थांबते. तेवढ्यात ह्यांना वडा आणायचा असतो. इंजिन लागतं, गाडी हलते, फलाट मागे सरकतो, हे दिसत नाहीत. शेजारची बाई माझ्याकडे आता कुंकू पुसायचीच वेळ आली अशा नजरेने बघते. घाट लागतो. आणि मग तीन डबे पलीकडून, माणसं ओलांडत, हातात तेलकट पुडी घेऊन हे येतात. हसतात. "काय झालं? आलो ना?"

अशा माणसाला मुलाने आणि सुनेने जानेवारीत फ्लोरिडाहून सुटणाऱ्या कॅरिबियन क्रूझचं तिकीट काढून दिलं, आणि सोबत कोणाला पाठवलं, तर मला. पुढील नियम त्यातून सिद्ध झाले. उदाहरणादाखल क्युरासाव बेटाची राजधानी विलेमस्टाड घेतली आहे.

नियम पहिला: काळाचं स्वरूप जाणावे.

बोटीची वेळ बोटीपुरती असते. आमची बोट फ्लोरिडाची वेळ पाळत होती आणि क्युरासाव हिवाळ्यात त्या वेळेच्या एक तास पुढे असतं. मोबाइल बेटावर पाय ठेवताच फितूर होतो आणि गुपचूप तिथली वेळ दाखवू लागतो. शिवाय ह्यांच्या मनगटावरचं घड्याळ भारताच्या वेळेवर, म्हणजे बेटाच्या साडेनऊ तास पुढे. का, तर "घरी नानांनी गोळी घेतली असेल का, ते कळतं." म्हणजे दोघांत मिळून तीन वेळा आणि त्यांतली एकही एकमेकांना मान्य नाही. अधिकारी अभ्यासकाने साधं काट्यांचं घड्याळ बोटीच्या वेळेला लावावं आणि परत चढेपर्यंत त्याला हात लावू नये. आणखी एक. पत्रकावर 'बोट सुटण्याची वेळ' आणि 'सर्वांनी परतण्याची वेळ' अशा दोन वेळा असतात. दुसरी पहिलीच्या साधारण अर्धा तास आधी. ह्यांनी फक्त पहिली वाचली होती.

नियम दुसरा: साहित्य.

बोटीचं कार्ड, फोटोचं ओळखपत्र, पाणी आणि हनुवटीखाली नाडी बांधता येईल अशी टोपी. इथे व्यापारी वारे बाराही महिने वाहतात. बेटावरची दिवी-दिवीची झाडं एकाच बाजूला वाकून वाढतात, त्यांनी वाऱ्याशी वाद घालणं केव्हाच सोडलेलं आहे. छत्री नेऊ नये. न्याहारीच्या टेबलावरची केळी पर्समध्ये घालू नयेत. बोटीवरची फळं खाली न्यायला मनाई असते. ह्यांनी घातली होती. माझ्या पर्समध्ये.

नियम तिसरा: सहल विकत घेऊ नये.

बोटीवर सहलींचं टेबल असतं. त्याच्याकडे न बघता पुढे जावं. धक्क्यावरून शहरात चालत जाता येतं.

नियम चौथा: पूल समजून घ्यावा.

हा नियम मोठा आहे, कारण इथे सगळं पुलावर अडतं. शहराच्या मधून सिंट ॲना बे नावाची खाडी जाते. एका बाजूला जुनं व्यापारी शहर पुंडा, दुसऱ्या बाजूला ओत्रोबांदा. ओत्रोबांदा म्हणजे 'पलीकडची बाजू'. एक अख्खा गाव पिढ्यान्‌पिढ्या 'पलीकडे' राहतो आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. आमच्या सदाशिव पेठेत हे खपलं नसतं. क्रूझच्या मोठ्या बोटी ओत्रोबांदाकडे लागतात, आणि बघायचं बरंचसं पुंडात. मधे राणी एमाच्या नावाचा पूल.

हा पूल पाण्यावर तरंगतो. खाली होड्यांसारखे पोकळ तराफे, वर लाकडी फळ्या, आणि एका टोकाला दोन इंजिनं. मोठं जहाज आत यायचं झालं की घंटा वाजते आणि अख्खा पूल वाड्याचा दिंडी दरवाजा उघडावा तसा बाजूला फिरतो. बिजागरी ओत्रोबांदाकडे, पुंडाकडचं टोक सुटतं. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागेल. नारिंगी बावटा लागला तर पूल थोडा वेळच उघडणार, निळा लागला तर बराच वेळ. तेव्हा फुकट नाव सुटते, तिला 'पोंची' म्हणतात.

पूल १८८८ साली सुरू झाला. बांधवून घेतला तो लेनर्ड स्मिथ नावाच्या अमेरिकन वकिलातीतल्या गृहस्थाने, जो अमेरिकेतून बेटावर बर्फही आणून विकत असे. पुलावर टोल होता. ज्याच्या पायात पायताण त्याने पैसे द्यायचे, अनवाणी माणसाला माफ. हे ऐकून आमचे हे भारावले. "काय व्यवस्था आहे!" आणि मला दिसलं की त्या काळी हे असते, तर कोल्हापुरी चपला पिशवीत घालून रोज चार वेळा उगीचच ये-जा केली असती. तिथेही सांगतात की पैसेवाले चपला काढून जायचे आणि गरीब मात्र उसन्या चपला घालून ऐटीत पैसे मोजायचे.

मी हसले, आणि मग पाटी वाचली. याच बंदरात डच वेस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेतून आणलेली माणसं उतरवली आणि पुढे विकली. १७९५ मध्ये तुला नावाच्या गुलामाने बंड उभारलं. त्याला हाल करून मारलं. गुलामगिरी संपली १ जुलै १८६३ ला. पुलाच्या तोंडाशी लोकांचे पाय तपासायला सुरुवात झाली, ती त्यानंतर पंचवीस वर्षांनी. तेव्हा अनवाणी कोण होतं आणि उसनी चपल घालून का होईना, पैसे देऊन जावंसं कोणाला वाटलं असेल, याचा हिशेब करायला बी. ए. व्हावं लागत नाही. ह्यांनीही पाटी वाचली. पुलाच्या टोकापर्यंत काही बोलले नाहीत.

नियम पाचवा: फोटो परतताना काढावा.

पुंडाच्या काठावर हांदेल्सकाडेची रंगीत घरं उभी आहेत: पिवळी, निळी, गुलाबी, डोक्यावर डच धाटणीचे वळणदार कंगोरे. १९९७ पासून हा भाग जागतिक वारशाच्या यादीत आहे. घरं रंगीत का, याची गोष्ट अशी सांगतात की १८१७ च्या सुमारास किकर्ट नावाच्या गव्हर्नराला पांढऱ्या भिंतींवरच्या उन्हाने डोकेदुखी व्हायची, म्हणून त्याने पांढऱ्या रंगावर बंदी घातली. आणि तो वारल्यावर कळलं की रंगाच्या धंद्यात त्याची भागी होती. खरं-खोटं तो आणि त्याचं डोकं जाणे. ही घरं पश्चिमेला तोंड करून आहेत. सकाळी फोटो काढला की सगळं काळंमिट्ट येतं. दुपार कलल्यावर ओत्रोबांदाच्या काठावरून काढावा. ह्यांनी सकाळी एकोणतीस काढले.

नियम सहावा: देवळात शिरावे.

पुंडात मिक्वे इस्राएल-इमॅन्युएल हे ज्यूंचं सिनॅगॉग आहे. इमारत १७३२ ची, आणि तेव्हापासून तिथली प्रार्थना अखंड चालू आहे. शनिवारी पाहुण्यांना बंद. पुण्याचं लाल देऊळ हेही सिनॅगॉगच; त्यावरून मी आयुष्यभर रिक्षाने गेले, आत कधी गेले नाही. आणि इथे तिकीट काढून गेले. आतली जमीन वाळूची आहे. वर पितळी झुंबरं, काळसर जुनं लाकूड आणि खाली किनाऱ्यासारखी मऊ पांढरी वाळू. कोणी म्हणतात ती वाळवंटातल्या भटकंतीची आठवण, कोणी म्हणतात छळाच्या काळात चोरून प्रार्थना करताना पावलांचा आवाज येऊ नये म्हणून वाळू टाकत, त्याची. मी सवयीने चपला दाराशी काढल्या. राखणदार बाईने हसून परत घालायला लावल्या. पण तेवढी चार पावलं गार वाळू पायाला लागली, ती लागलीच.

नियम सातवा: पोटाची व्यवस्था.

बोटीवर दिवसाला सहा वेळा खायला मिळतं, म्हणून लोक खाली येऊन काही खात नाहीत. चूक. जुन्या मंडईत, प्लासा बिऊमध्ये, दुपारी मोठमोठ्या पातेल्यांतून जेवण वाढतात. लांब बाकांवर अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. कबरितु स्तोबा म्हणजे बकऱ्याचा रस्सा. फुंची म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. शाकाहारी असाल तर फुंची, तळलेली केळी आणि नशीब.

आणि गियांबो. गियांबो म्हणजे भेंडीचं सूप. भेंडीची तार निघू नये म्हणून आमच्या आईने जन्म घालवला. पुसून चिरायची, चिंच टाकायची, झाकण ठेवायचं नाही. इथे ती तार मुद्दाम काढतात, त्यात मासे आणि खारवलेलं मांस सोडतात आणि लाकडी रवीने घुसळतात. त्या रवीला काय म्हणतात? 'पालू दि लेले.' लेलेची काठी! प्रस्तुत लेखिका माहेरची लेले आहे. ह्यांना हे कळल्यावर जेवण पाऊण तास लांबलं, कारण मंडईतल्या प्रत्येक बाईला बोलावून माझी ओळख करून देण्यात आली. एका बाईने खरंच रवी आणून दाखवली. झाडाच्या फांदीला जिथे तीन-चार फाटे फुटतात, तिथे कापून सोललेली. आमच्या ताकाच्या रवीची रानातली बहीण.

तिथली भाषा पापियामेंतू. पोर्तुगीज, स्पॅनिश, डच आणि आफ्रिकन भाषा एकाच पातेल्यात घुसळून झालेली. गोड, चविष्ट, लाडकं या सगळ्याला एकच शब्द, 'डुशी'. रताळ्याला 'बटाटा डुशी' म्हणतात. हे ऐकून कर्जतचा माणूस उठून बसला. "म्हणजे बटाटा यांच्याकडेपण?" पण गंमत उलटी आहे. बटाटा हा शब्द मूळचा याच कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा, रताळ्यासाठी. पोर्तुगीजांनी तो उचलला, गोव्यामार्गे आपल्याकडे आणला आणि आपण त्याचा वडा केला. 

नियम आठवा: खरेदी.

पुंडात घड्याळं, कापड, कॅमेरे विकणारी सिंधी दुकानं आहेत. "आइये भाभीजी" ऐकलं की आपण उल्हासनगरला आलो असं समजून घासाघीस सुरू करू नये. ह्यांनी केली. भाव उतरला नाही, पण चहा मिळाला, दुधाचा, आलं घातलेला. डॉलर सगळीकडे चालतात. सुटे मात्र कॅरिबियन गिल्डरमध्ये मिळू शकतात, हे चलन २०२५ मध्ये आलं आणि डॉलरला १.७९ असा त्याचा ठरलेला भाव आहे. बोटीवर हे कोणी बदलून देत नाही. सुटे नीट मोजून घ्यावेत आणि नवऱ्याच्या हाती देऊ नयेत.

नियम नववा.

क्युरासावच्या निळ्या दारूची बाटली घेतलीत तर ती बोटीवर काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी देतात. चव कडू संत्र्याच्या सालीची असते. निळा रंग उगीच.

नियम दहावा: परत फिरावे.

माझ्या घड्याळात अडीच, ह्यांच्या मोबाइलमध्ये साडेतीन, नानांकडे रात्रीचा एक. परतीची वेळ बोटीच्या साडेचारची. वेळ भरपूर होता. पण मी मोबाइल पाहिला, ती वेळ बोटीची समजले आणि पाय उचलले. पुलावर चढलो. चार पावलं गेल्यावर हे थांबले. मागे काठावर एक गाडी होती. काचेच्या पेटीत करंजीच्या आकाराची, तळलेली, चीज भरलेली पेस्टेची. "तू हो पुढे. आलोच."

अडतीस वर्षं ऐकलेलं वाक्य. मी पुढे झाले.

घंटा वाजली. फाटक बंद झालं. बावटा निळा होता. पायाखालून थरथर आली आणि मी उभी असलेला लाकडी रस्ता पुंडापासून सुटून निघाला. पूल फिरताना माणसांना वर राहू देतात; आजूबाजूचे सगळे मजेत फोटो काढत होते. मी कठडा धरून मागे पाहिलं.

कर्जतला हे मला कधी दिसले नव्हते. मला दिसायचे ते डब्यात शिरल्यावर, हसताना. त्याआधी काय होत असेल, ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. काठाच्या अगदी कडेला, दोन्ही हातांत एकेक कागदी पुडी, टोपी वाऱ्याने पाण्यात गेलेली, टक्कल उन्हात चमकत असलेलं. पूल किती लांब गेला ते बघत होते, आणि मग मी दिसत्ये का ते. तोंडावर हसू नव्हतं. घाबरले होते. सगळ्या घाटांत, सगळ्या फलाटांवर हे असेच धावत असणार, आणि डब्यात शिरण्याआधी दाराशी थांबून ते हसू चढवून येत असणार.

मी हात केला. काय ओरडले ते वाऱ्यात ऐकू आलं नाही.

अर्ध्या तासाने पोंची आली. उतरणाऱ्यांत सगळ्यात शेवटी हे. जवळ येईपर्यंत चेहरा नीट लावून झाला होता. "काय झालं? आलो ना?"

"आलात," मी म्हटलं.

बोट सुटायला बराच अवकाश होता. काठावरच्या जुन्या किल्ल्याच्या भिंतीला टेकून आम्ही पेस्टेची खाल्ल्या. गार झाल्या होत्या. समोरच्या घरांवर कललं ऊन पडलं होतं आणि फोटो काढायची खरी वेळ झाली होती, पण मोबाइलची बॅटरी सकाळच्या एकोणतीस फोटोंपायी एव्हाना संपली होती.

"पुढच्या बंदरात तू उतर," हे म्हणाले, "मी पिशव्या घेऊन बसतो."

नियम अकरावा: यावर विश्वास ठेवू नये.