थांबदादा

भुईगावात कॉम्प्युटर घ्यायचा तर आधी दादाला विचारायचं, अशी रीत पडून गेली आहे. दादाला विचारलं की कॉम्प्युटर घ्यायचा राहून जातो, हाही सगळ्यांचा अनुभव आहे. तरी लोक विचारतातच. विचारलं नाही तर दादाला वाईट वाटतं, आणि त्याला वाईट वाटलं की इन्व्हर्टर दुरुस्त करून देणारा गावात दुसरा कोणी नाही.

लोकांनी त्याचं नाव ठेवलंय थांबदादा. हे त्याच्या कानावर आहे. मला तर वाटतं, त्याला ते मनातून आवडतं.

दादा वालीवच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. सकाळी वाडीतल्या केळींना पाणी, दिवसा कंपनी आणि संध्याकाळी प्रोसेसर, असा त्याचा दिनक्रम. शनिवारी सुट्टी असली की स्वारी लॅमिंग्टन रोडला. पाटीवर ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’ असं लिहिलेलं आहे, पण दुकानदारांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत तसं कोणी म्हणत नाही. वसईहून फास्ट पकडायची आणि मुंबई सेंट्रलला उतरून चालत सुटायचं, कारण ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही. खरेदी करायची नाही. भाव बघायचे. दुकानदाराकडून कोटेशन लिहून घ्यायचं, त्यावर तारीख घालायची आणि ते बँकेच्या जुन्या पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात सारायचं. ते कव्हर आता मिटत नाही. एका दुकानात तर तो पायरी चढला की पोऱ्या पेन शोधायला लागतो. चहा विचारणं त्यांनी कधीच बंद केलंय.

त्याच्या स्वतःच्या घरी काय आहे? २०११ सालचा आय-थ्री. कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा कायमचा उघडा, कारण पावसाळ्यात आत पाल शिरते आणि दर वेळी स्क्रू खोलत कोण बसणार? उरलेल्या पत्र्याला खाऱ्या हवेने गंज चढवलाय. उघड्या बाजूला टेबलफॅन. आत विंडोज सेव्हन, जिच्यावरचा हात मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२०मध्येच काढून घेतला. अशा मशीनवर दादा जगातल्या नव्यातल्या नव्या ग्राफिक कार्डांच्या फोर-के चाचण्या बघतो. बघतो ४८०मध्ये, कारण त्याच्यावर गेलं की चित्र अडखळतं. “पण फरक कळतो,” म्हणतो.

दादाला काही येत नाही असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. त्याचं ज्ञान खणखणीत आहे, आणि अडचण तिथेच आहे. अर्धवट माहितीचा माणूस पटकन खरेदी करून मोकळा होतो. दादाला पुढच्या सहा महिन्यांत काय काय येणार हे ठाऊक असतं, त्यामुळे आज दुकानात असलेली प्रत्येक वस्तू त्याला जुनी दिसते.

त्यात नशिबाने एकदा त्याला साथ दिली आणि तो कायमचा बिघडला. २०२१मध्ये ग्राफिक कार्डं मिळेनाशी झाली होती. एकीकडे जगभर चिपांचा तुटवडा, दुसरीकडे इथेरियम नावाचं आभासी चलन ‘खणायला’ लोक खोल्याच्या खोल्या कार्डांनी भरत होते. छापील किमतीत कार्ड मिळालं तर पेढे वाटावेत अशी गत. दादा म्हणाला, “थांबा.” लोक थांबले, कारण घेण्याची ऐपतच नव्हती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती खणायची पद्धतच बंद केली आणि खाणीतून सुटलेली कार्डं बाजारात येऊन पडली. चिमाजी अप्पांनी वसई १७३९मध्ये घेतली, हे दादाला जरा डोकं खाजवून आठवतं. १५ सप्टेंबर २०२२ तो झोपेत सांगेल. विजयाचं पुढे काय झालं म्हणाल, तर वापरलेलं कार्डही त्याने कोणाला घेऊ दिलं नाही. “वर्षभर चोवीस तास राबलंय ते. पंख्याचं बेअरिंग गेलं असणार. थांब.”

गेल्या सप्टेंबरात त्याच्या ओटीवर शेजारच्या वाडीतला मुलगा आला. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दिवसा प्रोग्रामिंग, आणि हातखर्चासाठी लग्नांचं शूटिंग. शूटिंग करून दुसऱ्याला एडिटिंगला दिलं की अर्धे पैसे तिकडे जातात, म्हणून स्वतःचं मशीन हवं. मॉनिटर होता. बाकीच्याला बजेट ७० हजार. आमच्याकडच्या ख्रिस्ती लग्नांचं वेळापत्रक पक्कं असतं. आगमनकाळात आणि उपवासकाळात शक्यतो लग्न काढत नाहीत, म्हणजे नाताळ उलटला की राखेच्या बुधवारापर्यंत नुसती झुंबड. यंदा तो बुधवार होता १८ फेब्रुवारीला. नाताळच्या आत मशीन पाहिजे, हे मुलाने पहिल्याच वाक्यात सांगितलं. दादाने ऐकलं नाही.

“कॅमेऱ्यात शूट कशात करतोस? एट-बिट की टेन-बिट?”

“टेन-बिट.”

“फोर-टू-टू?”

“हो.”

“मग शेवटी एफ असलेला प्रोसेसर घ्यायचा नाही. दुकानदार गळ्यात मारेल, थोडे पैसे वाचतात म्हणून. घ्यायचा नाही.”

हा प्रश्न कुठल्याही दुकानात कोणी विचारत नाही, आणि लाखमोलाचा आहे. अलीकडचे कॅमेरे चित्र जास्तीत जास्त दाबून साठवतात, ते एडिटिंगच्या वेळी उलगडायला मशीनला घाम फुटतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये जो छोटा ग्राफिकचा भाग असतो, त्याला बाराव्या पिढीत हा फोर-टू-टू प्रकार आयता उलगडता येतो. एन्व्हिडियाच्या कार्डांना तो २०२५च्या ५० मालिकेपर्यंत येत नव्हता. ज्याच्या नावापुढे एफ, त्याच्यात हा छोटा भाग बंद. म्हणजे हजार-दीड हजार वाचवायला जावं आणि नवरीच्या आगमनाला टाइमलाइन अडकून बसावी. हे दादाने वहीवर आकृती काढून समजावलं. मुलगा खूश झाला. मीही खूश झालो.

इथे थांबला असता तर तो दादा कसला?

प्रोसेसर ठरला आय-फाइव्ह १२४००, सहा कोर, बारा थ्रेड. “पण हा २०२२चा. ह्याचं सॉकेट आता संपलं, पुढे फार वर चढायला वाव नाही. रायझन ७६०० घेतलास तर सॉकेट एएम-फाइव्ह, वर्षानुवर्षं चालेल.” मग फोर-टू-टूचं काय? “मग कार्ड ५० मालिकेतलं.” मग बजेट? “थोडं वाढेल.” कार्डात आठ जीबी की बारा, यावर जेवणाची वेळ झाली. एन्व्हिडियाने २०२१च्या ३०६०ला बारा दिले आणि २०२३ला त्याच्या गादीवर बसलेल्या ४०६०ला आठ, ही गोष्ट दादाने वैयक्तिक अपमान झाल्यासारखी सांगितली. एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागावर, तो सर्वांत जास्त बोलला, कारण ते त्याच्या धंद्यातलं. बिननावाचा एसएमपीएस डब्यावर ५०० वॅट लिहितो आणि त्याच्या निम्म्यातच धूर काढतो. ६५० वॅटचा, ब्रॉन्झ शिक्क्याचा घ्यायचा, शिवाय यूपीएस, कारण भुईगावात लाईट निरोप देऊन जात नाही. २०१८च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली तेव्हा दादाने स्वतःचा सीपीयू माळ्यावर नारळांच्या शेजारी ठेवला होता, तीही हकीकत मध्ये येऊन गेली. रात्री दहाला बेरीज एक लाख बारा हजारांवर पोचली. दादाने ती स्वतःच खोडली.

“तू असं कर, थांब. जीएसटी कमी होतोय.”

जीएसटी झाला कमी. २२ सप्टेंबर २०२५पासून. मोठे टीव्ही, बत्तीस इंचांवरचे मॉनिटर अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आले. प्रोसेसर, रॅम, बोर्ड आधीपासून अठरावरच होते, तिथेच राहिले. मुलाला बत्तीस इंचांवरचा मॉनिटर नको होता. “दिवाळीला ऑफर येतील,” दादा म्हणाला.

दिवाळीला रॅमचे भाव उडाले. जगात एआयची प्रचंड डेटासेंटरं उभी राहतायत, त्यांना मेमरी लागते, विकणारा सांगेल ती किंमत ती मोजतात. मेमरी बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजून तीन मोठ्या. त्यांनी तोंड तिकडे वळवलं आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याची रॅम आटली. ३ डिसेंबरला मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशियल या नावाने घराघरात विकली जाणारी मेमरी आता बंद करणार. दादाच्या कव्हरातल्या सप्टेंबरच्या कोटेशनातली ३२ जीबीची किंमत आणि डिसेंबरातली किंमत यांच्यात दुपटीहून जास्त फरक होता. दोन्ही चिठ्ठ्या त्याने शेजारी-शेजारी ठेवून आम्हाला दाखवल्या. माणसाला लाज वाटायला हवी होती. त्याला वाटला तो अभ्यासकाचा आनंद.

“असा चढ मी आजवर पाहिला नाही. आता तर अजिबात घ्यायचं नाही.”

मुलगा शांत आहे. एरवी आवाज चढवत नाही. “दादा,” तो म्हणाला, “दोन लग्नांचा बयाणा घेतलाय मी. आता नाही म्हणायचं कसं?”

दादा काही बोलला नाही. वही उघडली, मिटली. स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आल्या, पदराला हात पुसत, आणि म्हणाल्या, “कपाटातलं ते द्या की त्याला.”

“कुठलं?”

“माझ्या शालूखाली ठेवलंय ते. दिवाळीच्या साफसफाईला दर वर्षी पुसून परत ठेवते मी.”

दादाचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. सीलबंद पाकीट निघालं. सोळा-सोळा जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर-फोर, ३२००. सोबत २०२३चं बिल. त्या वर्षी मेमरीचे भाव तळाला गेले होते आणि दादाने, आयुष्यात एकदाच, न थांबता खरेदी केली होती. त्याच्या स्वप्नातल्या मशीनचा तो पहिला भाग. दुसरा घ्यायची वेळ आली नाही. उरलेल्या दहा भागांची कोटेशनं मात्र होती.

त्या रात्री यादी पाऊण तासात झाली. घरात पडलेल्या पट्ट्या डीडीआर-फोर, म्हणून बोर्ड बी-७६०चा, पण डीडीआर-फोरवाला, कारण त्या बोर्डाच्या दोन जाती येतात आणि एकीच्या खाचेत दुसरीची पट्टी बसत नाही. त्यावर १२४००, एफशिवाय. कार्ड ३०६०, बारा जीबी. कामासाठी एक टेराबाइट एनव्हीएमई, आणि जुनी लग्नं टाकून ठेवायला साधी हार्डडिस्क. प्रोग्रामिंगला आणखी काय लागतं, असं मी विचारलं. “बत्तीस जीबी आणि बसायला बरी खुर्ची,” दादा म्हणाला. खुर्ची यादीत नव्हती.

शनिवारी दोघं लॅमिंग्टन रोडला गेले. मुलगा सांगतो, काउंटरवर दादाने शेवटचा एक प्रयत्न केलाच. पुढच्या महिन्यात एक नवं कार्ड यायचं होतं म्हणे. तोवर मुलाने क्यूआर स्कॅन केला होता. दुकानदार उठून उभा राहिला. दादाबरोबर आलेल्या माणसाने पैसे दिलेले त्याने प्रथमच पाहिले. त्या दिवशी चहा आला.

संध्याकाळच्या विरार फास्टला कॅबिनेटचा खोका घेऊन साध्या डब्यात शिरणं म्हणजे खोक्यासकट जीव देणं. म्हणून लगेजच्या डब्यात. फुलं विकून रिकाम्या करंड्या घेऊन निघालेल्या आपल्याकडच्या बायकांनी खोका टेकवायला जागा दिली आणि आत काय आहे म्हणून विचारलं. दादाने बोरिवलीपासून सुरुवात केली. वसई आली तेव्हा एसएमपीएस चालू होता. एक बाई म्हणाली, “भाऊ, एवढं माहितीय तर दुकान का नाही टाकत?” दादा म्हणाला, बघू, सध्या भाडी फार आहेत.

मशीन ओटीवरच जोडलं. यात मात्र दादाच्या हाताला तोड नाही. प्रोसेसर सॉकेटवर ठेवताना त्याने श्वास धरला होता, बोर्डाचा एक स्क्रूही जास्त आवळला नाही. मुलाने पट्ट्या शेजारच्या दोन खाचांत खोचल्या, त्या दादाने काढून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या, म्हणजे दोघी मिळून एका वेळी काम करतात. चालू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केलं, नाहीतर ३२००ची पट्टी संथ वेगाने चालत राहते आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. मुलाने कॅमेऱ्यातली एक क्लिप टाकली. मिरवणूक, पुढे बँड. पुढे-मागे ओढून पाहिली. कुठे अडखळली नाही. दादाने चष्मा काढून पुन्हा घातला आणि ती क्लिप फोर-केमध्ये शेवटपर्यंत बघितली, बँडवाल्यांच्या बटणांपर्यंत.

पट्ट्यांचे पैसे त्याने २०२३च्या बिलाप्रमाणे घेतले. वर एक रुपया नाही. बाजारभावाने मागितले असते तरी मुलाने दिले असते, हे सगळ्यांना माहीत होतं. बिलाच्या मागे ‘मिळाले’ लिहून सही केली आणि मुलाकडे दिलं, वॉरंटीसाठी. नंतर दोन-तीन दिवस स्वारी फार खुशीत होती. कोणी विचारलं, दादा तुझं मशीन कधी, की सांगायचा, “होतं बघ जमत आलेलं. आता रॅम गेली. आता भाव उतरेपर्यंत काही करता येत नाही.”

पैसे वहिनींकडे गेले. त्यांनी त्याच संध्याकाळी वसई स्टेशनजवळच्या दुकानातून मिक्सर आणला. मोटर किती वॅटची, भांडी किती, पुढचं मॉडेल कधी येणार, काही विचारलं नाही. सातला घरातून निघाल्या, साडेआठला खोबरं वाटत होत्या. दादा कंपनीतून आला, चपला काढल्या, रिकामा खोका उजेडात धरून चारी बाजूंनी वाचला आणि म्हणाला, “पाडव्याला ह्याच्यावर ऑफर असते.”

वहिनींना ऐकू आलं नाही. मिक्सर चालू होता.