सेफ्टीसाठी अजून एक

यवतमाळ जिल्ह्यात वणीला जा, पुसदला जा नाहीतर दारव्ह्याला. मोबाइलच्या दुकानामागे किंवा गच्चीवरच्या खोलीत एक स्टुडिओवाला भाऊ सापडतोच. भिंतीवर अंड्यांचे ट्रे, दाराला गोधडी, माइकपुढे भरतकामाच्या रिंगेवर ताणलेला ओढणीचा तुकडा. ट्रेपेक्षा गोधडीच जास्त कामाची, हे त्यालाही ठाऊक असतं. पण ट्रे दिसल्याशिवाय गिऱ्हाइकाला स्टुडिओत आल्यासारखं वाटत नाही.

भाऊचा हंगाम नवरात्राआधी. यवतमाळचा दुर्गोत्सव मोठा, त्यामुळे मंडळं मोठी आणि मंडळाचं गाणं गाणारे अध्यक्षांचे साळेही मोठे. आवाज नको म्हणून पंखा बंद. साळेबुवा घामाघूम होऊन गातात. भाऊ हेडफोन न काढता म्हणतो, "बढिया झालं जी! आता सेफ्टीसाठी अजून एक घेऊ." हे तो प्रत्येकालाच म्हणतो. सूर जितका कच्चा, तितकी सेफ्टी जास्त.

"काहून, चुकलं काय?"

"नाही ना जी! तुम्ही फक्त थांबू नका, बाकीचं मी पाहून घेतो."

गायक घरी गेला की गाणं सुरू होतं. स्क्रीनवर एकाखाली एक सहा टेक. कापूस वेचणीला गेलेल्या बाईसारखा भाऊ ओळीओळीतून फिरतो. पांढरं तेवढं ओटीत, कवडी बाजूला. तिसऱ्या टेकमधलं 'अंबा', पाचव्यातलं 'माउली', शेवटची तान मात्र पहिल्यातली, कारण पुढं साळेबुवांचा दमच संपला होता. कात्री लावायची ती क, त, प यांच्या अगदी अलीकडे, जिथं आवाज क्षणभर बंद असतो. लांबवलेल्या 'आ'च्या पोटात कधीच नाही. सांध्यावर काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक टेक विरताना दुसरा चढवायचा, नाहीतर 'टक्' ऐकू येतं. श्वास सगळे पुसले तर ऐकणाराच गुदमरतो. दोन टेकांचे दोन्ही राहिले तर गायक दमेकरी ठरतो. एखादा शब्द जरासा फाटलेला असतो, तो भाऊ मुद्दाम ठेवतो. "सगळंच गुळगुळीत केलं तर याची मायसुद्धा आवाज ओळखणार नाही."

ही सवय घरापर्यंत पोचते. बायको रागावली की म्हणतो, "हेच मघाशी जास्त ठसक्यात बोलली होतीस." भावकीच्या बैठकीत काकांची सुरुवात, मामांचा मधला मुद्दा आणि कोणाची तरी माफी उचलून तो असा समझोता जुळवतो, की प्रत्येकाला तो आपणच सुचवला असं वाटतं.

पेटीवाले गुरुजी मात्र त्याच्यावर नाराज. "१९०२ साली गौहर जाननं कलकत्त्यात तबकडीसाठी तीन मिनिटांत, एका दमात गायलं. तुमचं हे ठिगळकाम!" भाऊकडे याचंही उत्तर तयार असतं. १९५२च्या 'ट्रिस्टान अँड इझोल्ड'च्या ध्वनिमुद्रणात कर्स्टन फ्लॅगस्टाड या थोर गायिकेचे सगळ्यात उंच सूर एलिझाबेथ श्वार्त्सकॉफनं गाऊन दिले होते. "मी तर याचाच सूर याला लावतो, गुरुजी. शेजारणीचा नाही!"

घटस्थापनेला गाणं भोंग्यावर लागतं. साळेबुवांना पटतं, की आपण पहिल्यापासून असेच गातो. मग कोणीतरी त्यांना स्टेजवर बोलावतं आणि भाऊचा फोन वाजतो, "तिथं सेफ्टी घेता येते काय?"

तेव्हा यंदा त्याच्याकडे जाणार असाल तर चार-पाच टेक सलग, न थांबता गा. माइकपासूनचं अंतर बदलू नका, नाहीतर जोड उघडा पडतो. पंख्याचं नाव काढू नका. आणि मुख्य म्हणजे गाणं पाठ करून जा. एकाही टेकमध्ये जो शब्द तुम्ही उच्चारलाच नाही, तो भाऊ कुठून आणणार?