फुटाला किती?

सपाट छत कधीच सपाट नसतं, ही माहिती मला पहिल्या ठेकेदाराने दिली आणि तिचे पैसे कोटेशनात धरले. शंभर फुटांना एक फूट तरी ढाळ हवा, तेव्हा कुठे पाणी पन्हळीकडे चालू लागतं. आमच्या गच्चीला ढाळ होता, पण चारही बाजूंनी मध्याकडे. पाणी मध्यावर जमायचं, दोन दिवस विचार करायचं आणि मग खाली देवघरात उतरायचं. आजी असती तर तिने त्याला अभिषेक म्हटलं असतं.

घर महाबळेश्वरच्या अलीकडच्या एका गावात आहे. आजोबांनी बांधलं तेव्हा त्यावर मंगलोरी कौलं होती, आणि छपराचा उतार असा की वर चढलेलं मांजरही बेताने चालायचं. पावसाळ्याआधी भिंतींना गवताचे आडोसे बांधायचे, फुटकी कौलं बदलायची, झालं. 1986 साली दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती कौलं उतरवून स्लॅब टाकला. कारण तेव्हा ताईसाठी स्थळं येत होती आणि पाहुणे चहा तोंडाला लावायच्या आधी आढ्याकडे बघत. ‘घर स्लॅबचं आहे’ हे वाक्य पंचक्रोशीत ‘जमीन बागायती आहे’ याच्या बरोबरीने म्हटलं जाई. स्लॅब पडला, लग्न जमलं. जावई सज्जन निघाले. स्लॅबबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही.

दादांची हिशेबाची वही अजून माझ्याकडे आहे. सिमेंट, सळई, खडी, सेंट्रिंग आणि शेवटी ‘स्लॅबचे जेवण, जिलेबी चार किलो’. सगळा खर्च तीस हजारांच्या आत. वॉटरप्रूफिंग हा शब्द वहीत नाही. त्या काळी स्लॅब गळतो ही कल्पनाच नव्हती. गळतात ती कौलं, म्हणून तर स्लॅब.

आता आमच्या पावसाबद्दल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. तिथून पसरणी घाट उतरून वाईला आलात की हजाराच्या आत. एकाच मोटारीत बसून, एकदाही वायपर न बदलता तुम्ही तीन हवामानं पार करता. त्यामुळे वाईच्या मिस्त्रीला आमचं घर दाखवणं म्हणजे मोठी अडचण. तो मनापासून सांगतो, “साहेब, गेल्या वर्षी असलाच स्लॅब केला, टिपूस आला न्हाय.” खोटं बोलत नाही बिचारा. तिथे टिपूस यायला मुळात पडावं तर लागतं.

आमच्या हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एका पावसाळ्यात साडेपाच लाख लिटर पाणी पडतं, हे मी एकदा रिकामपणी काढलं. दहा हजार लिटरचे पंचावन्न टँकर. त्यातलं घरात येतं ते एखादी घागर, पण ती बरोबर गादीवर. आणि मे महिन्यात आम्ही टँकर विकत आणतो. हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “मग गादी पिळा.”

पुण्याचा ठेकेदार आला तो लॅपटॉप घेऊन. त्याने भिंतीला एक यंत्र टेकवलं, त्यात आकडा आला, त्याने मान हलवली. आकडा किती असायला हवा होता ते विचारायचं धाडस झालं नाही. डॉक्टरांसमोरही माझं असंच होतं. “काका, आपण रिपेअर देत नाही, सोल्युशन देतो,” तो म्हणाला. नुसता लेप फुटाला पंचेचाळीस, गॅसच्या ज्योतीने चिकटवायची डांबरी शीट एकशेतीस, आणि जुना कोबा फोडून नवीन करायचा तर दोनशे साठ. शिवाय घाटाचे वेगळे. घाटाचे म्हणजे काय? तर वाळू, सिमेंट, माणसं, सगळं वळणं घेत वर येतं आणि प्रत्येक वळणावर महाग होतं. साधी खिळ्यांची पुडीसुद्धा आमच्या गावी पोहोचेपर्यंत पर्यटक झालेली असते.

वॉरंटी दहा वर्षांची होती. मी तिचा कागद शेवटपर्यंत वाचला. निवृत्त माणसाला एवढा वेळ असतो हे ठेकेदार विसरतात. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं : ‘अतिवृष्टीमुळे होणारी गळती वगळून.’ अतिवृष्टी म्हणजे काय, तर महसूल खात्याच्या हिशेबाने चोवीस तासांत 65 मिलिमीटर. आमच्याकडे जुलैचा बराबुरा दिवसच तेवढा असतो. म्हणजे माझी वॉरंटी ऑक्टोबर ते मे भक्कम होती.

गावातला मिस्त्री वेगळा. त्याने यंत्र लावलं नाही. हातोडीच्या दांड्याने गच्ची ठोकत फिरला. कुठे टणटण, कुठे डबडब. डबडब आलं की तो माझ्याकडे बघायचा आणि मी अपराध्यासारखा दुसरीकडे. मग पॅरापेटशी उकिडवा बसून त्याने वाट्याच्या फटीत बोट घातलं. वाटा म्हणजे गच्ची आणि कठडा जिथे भेटतात तिथली सिमेंटची गोलाई. निम्मी गळती तिथूनच होते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. बाहेर आलं तेव्हा त्याला शेवाळं, माती आणि एक जिवंत गांडूळ होतं.

“वर सुपीक झालंय,” मिस्त्री म्हणाला.

मग त्याने वजनाचा विषय काढला. मूळ स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा होता. तो गळू लागल्यावर न फोडता त्यावर दुसरा कोबा चढला, वर चायना मोझॅक. फुटाला एका थराचं वजन अठरा-वीस किलो. हजार फूट, दोन थर : पस्तीस-चाळीस टन. हत्ती चार टनांचा धरला तर आमच्या डोक्यावर नऊ-दहा हत्ती उभे होते आणि आम्ही त्यांच्या पायांखाली बसून मालिका बघत होतो. पाणी मुरलं की ते आणखी जड होतात. खाली स्वयंपाकघरात पोपडा पडून सळई उघडी पडली होती. गंजलेली सळई फुगते, मूळच्यापेक्षा जास्त जागा मागते आणि मिळाली नाही की काँक्रीट फोडते. संयुक्त कुटुंबाचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

हत्ती उतरवायचे तर राडारोडा टाकायचा कुठे? महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. दरीत ढकलून हात झटकता येत नाहीत, आणि तेच बरं आहे. म्हणजे ज्या विटा भाडं देऊन घाट चढवल्या, त्याच भाडं देऊन उतरवायच्या. दादांच्या वहीत ‘चढ’ होता, माझ्या वहीत ‘उतार’ आला.

अशा वेळी बायकोने लेहच्या सहलीचे फोटो काढले. “हे बघा, एवढे मोठे डोंगर, आणि सगळ्यांची घरं सपाट छताची. पॉपलरच्या तुळया, वर विलोच्या काटक्या, वर माती. त्यावर जर्दाळू वाळत घातलेत. त्यांचं गळत नाही, तुमचंच कसं गळतं?” प्रश्न चोख होता. लेहला वर्षभरात पडतो शंभर मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडे तेवढा दुपारच्या झोपेत पडून जातो. तिथे हिवाळ्यात बर्फ साचलं तर फावड्याने लोटतात, उन्हाळ्यात मातीचा एक हात फिरवतात, की झालं छत नवं. पण ऑगस्ट 2010 मध्ये तिथे ढगफुटी झाली तेव्हा त्या मातीच्या घरांचे काय हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलं. सपाट छत ही डोंगराची नव्हे, कोरड्या हवेची गोष्ट आहे. आमच्या डोंगराने उतरतं छप्पर मागितलं होतं आणि आजोबांनी ते दिलंही होतं. मधे ताईचं लग्न आलं.

शेवटी मिस्त्रीनेच तोडगा सांगितला, जो गावातल्या प्रत्येक स्लॅबच्या घराने आधीच केला होता. वरचा एक कोबा फोडायचा, सळया साफ करून डागडुजी करायची आणि सगळ्यावर लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर उतरता पत्रा टाकायचा. पत्र्याचे फुटाला तीनशे ऐंशी, शिवाय घाट, शिवाय परवानगीचा कागद. दादांनी छप्पर काढून स्लॅब टाकला, मी स्लॅब वाचवायला छप्पर टाकलं. एका डोक्यावर दोन छतं, आणि पैसे दोन्हींचे.

“पण मग स्लॅबचा उपयोग काय?” मी विचारलं.

“पत्रा ठेवायला, साहेब.”

पत्रा मेच्या अखेरीस चढला. हिरवा. वारा खालून शिरून उचलू नये म्हणून मिस्त्रीने इतके हुक मारले की आता घर उडालं तरी पत्रा जागेवर राहील. जूनमध्ये पाऊस सुरू झाला. एक थेंब आत आला नाही. फक्त आवाज आला. असा की टीव्ही दिसतो पण ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी होते की नाही ते वाफेवरून ओळखायचं. बायको आणि मी चार महिने खुणांनी बोलतो; आमचं इतकं कधी पटलं नव्हतं.

जुलैत पुण्याच्या ठेकेदाराचा फोन आला. कुठून कळलं कोण जाणे. “काका, पत्रा टाकला म्हणे! आवाजाला आपल्याकडे सोल्युशन आहे. पत्र्याखाली शीट लावायची. फुटाला फक्त पंचावन्न.”

“काय?” मी ओरडलो.

“पंचावन्न!”

“ऐकू येत नाही!” म्हटलं आणि फोन ठेवला. त्याने लगेच व्हॉट्सॲपवर पाठवलं. घाटाचे वेगळे.